शेवट आधी घेणारा जितेश

जितेशच्या सिनेमांत मी बुडून मेलोय, दरीत पडून मेलोय, विजेचा धक्का बसून मेलोय आणि एकदा नुसता घाबरून मेलोय. घाबरून मरणं सगळ्यात अवघड गेलं, कारण कॅमेऱ्यामागे माझी बायको तोंडाला पदर लावून हसत उभी होती. एरवी माझा धंदा महाडात फोटो स्टुडिओचा. लग्नं, बारशी, साठीशांती, शाळेचे ग्रुप फोटो, आणि उरलेल्या वेळात पासपोर्ट फोटोला आलेल्यांवर ‘हनुवटी खाली घ्या’ म्हणून ओरडणं. मूळचा मी तुडीलचा, नदीकाठचा माणूस. मला पाणी कळतं, डोंगर कळत नाही. जितेशचं नेमकं उलटं आहे.

तो पोलादपूरच्या वरच्या अंगाचा. कुडपणच्या वाटेला लागलं की अलीकडे एक फाटा फुटतो, तो ढवळमाळला जातो. माळावर थोडीशी घरं, पाठीला डोंगर, पुढे नाचणी-वरीची खाचरं आणि घरटी म्हशी. तिथून दहावीला खाली आलेला हा पोरगा आज एमआयडीसीत एका कारखान्यात बॉयलरवर आहे. काम काय, तर काट्याकडे बघत बसायचं. काटा लाल रेघेकडे सरकला की उठायचं, नाही सरकला की बसायचं. एकदा मी त्याला म्हटलं, कंटाळा नाही का रे येत तुला? तर म्हणाला, ‘कंटाळा नाय येत. भीती वाटत राहते, म्हणून वेळ जातो.’ हा माणूस रहस्यपट काढणार नाही तर काय बालनाट्य काढणार?

सुरुवात मोबाइलवर झाली. मग माझा लग्नाचा कॅमेरा, माझा ट्रायपॉड, माझा कॉम्प्युटर, आणि ओघानेच मीही त्यात ओढला गेलो. सिनेमे वीस-पंचवीस मिनिटांचे. यूट्यूबवर टाकतो, आणि मुंबईतले आमच्याकडचे चाकरमानी ते कामावर जाताना बघतात. एकात ट्रकवाला असतो. त्याला कोणीतरी सांगतं की तुझं मरण कशेडी घाटात आहे. तो त्या दिवशी घाटात ट्रक घालतच नाही, खाली पायथ्याला लावून ठेवतो आणि आडवाटेने चालत घरी निघतो. वाटेतल्या ओढ्यात पाय घसरून मरतो, आणि तो ओढा घाटातूनच उतरलेला असतो. दुसऱ्यात एक बाई नवऱ्याला विहिरीपासून लांब ठेवते. विहिरीवर फळ्या टाकते, फळ्यांवर दगड ठेवते. मग त्यातलाच एक दगड उचलायला तो वाकतो. सगळे सिनेमे असेच. जो पळतो त्याला वाटेत गाठतं, जो दार लावतो त्याला घरात गाठतं. बघताना शेवट ठाऊक असतो, कारण जितेश तो पहिल्याच मिनिटाला दाखवून टाकतो. तरी आपण खुर्चीच्या कडेवर येतो. मी स्वतः मेलेला असूनही येतो, म्हणजे बघा.

आता हे असं का, तर त्याचं कारण फार साधं होतं. आमच्याकडे माणसं गोळा होतात ती शिमग्याला आणि गणपतीला. मुंबईहून येतात, चार दिवस राहतात, पालखी नाचवतात आणि परत जातात. जितेशला गर्दी लागायची ती शेवटाला. प्रेत उचलायला माणसं हवीत, रडायला बाया हव्यात. म्हणून शिमग्याच्या सुट्टीत तो आधी शेवट उरकून घ्यायचा. मरणारा मुंबईचा असला तर त्याला मारून रात्रीच्या गाडीत बसवून द्यायचा. मग उरलेली गोष्ट वर्षभर सवडीने. कोणी म्हटलं, अरे, या माणसाला वाचवू या की, तर जितेश म्हणायचा, ‘कसा वाचवू? तो मेलाय आणि विरारला गेलाय.’ एकदा शेवट घेतला की मागची सगळी गोष्ट त्याच दिशेने हाकायला लागायची. त्याने शेवट कधी बदलला नाही, कारण बदलायला नट जाग्यावर नसायचा.

पुढे कॉलेजात त्याचे सिनेमे दाखवले. सेजल मॅडम म्हणून तिथे एक तरुण प्राध्यापिका आहेत, हुशार आहेत, मनापासून बोलतात. त्या म्हणाल्या, तुमच्या सिनेमात माणसाला सुटकाच नाही, हा नियतीवाद तुमच्यात कुठून आला? जितेश माईक हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘मॅडम, माणसांची रजा संपते.’ पोरं खूप हसली. मीही हसलो. तो मात्र घरी जाताना मला ‘नियतीवाद’ म्हणजे काय ते विचारत होता. त्या दिवसापासून तो शब्द त्याला चिकटला. आधी अडचण होती म्हणून शेवट पहिला घ्यायचा, आता म्हणायला लागला की खरंच असंच असतं, सगळ्यांचा शेवट आधी झालेला असतो, आपण फक्त मधलं जगतो. मला असल्या बोलण्याची चीड येते. मी म्हटलं, मधलं जगताना लाइटचं बिल कोण भरतं ते बघ. त्याने माझ्याकडे दयेने बघितलं.

गेल्या शिमग्याला त्याने नवा सिनेमा धरला. माळावरच्या एका म्हाताऱ्याची गोष्ट. डोंगर खाली येणार हे म्हाताऱ्याला कळलेलं असतं, आणि तो हलत नाही. आमच्या तालुक्यांत दरड हा शब्द काढला की जेवणारा माणूस हात थांबवतो, त्यामुळे मला विषयच आवडला नव्हता. वर म्हाताऱ्याचं काम त्याने दिलं स्वतःच्या वडिलांना.

भागोजीकाका म्हणजे सत्तरीचा काटक माणूस. दोन्ही कानांत भिकबाळीसारख्या सोन्याच्या बारीक कड्या, अंगात बंडी, आणि म्हशींशी जितकं बोलतील त्याच्या निम्मंही माणसांशी नाही. पण सिनेमात घ्यायचं म्हटल्यावर खुलले. सकाळीच दाढी करून, लग्नातला सदरा घालून बसले. जितेशने तो सदरा उतरवायला लावला तेव्हा रुसले. ‘मरताना माणसानं बरा दिसायला नको काय रे?’ म्हणाले.

शॉट असा होता. काका घराच्या पडवीच्या टोकाला, जिथून मान वळवली की मागचा डोंगर दिसतो तिथे बसलेले. शिमग्याच्या उन्हात पाऊस कुठून आणायचा, म्हणून जितेशने चाकरमान्यांना मोठी ताडपत्री धरून छपराच्या वरच्या अंगाला उभं केलं. त्याने खूण केली की त्यांनी ती हळूहळू पुढे आणायची, म्हणजे डोंगरच सरकत आल्यासारखा वाटेल. सावली आधी अंगणात पडली, मग काकांच्या पायावर, गुडघ्यावर, छातीवर. काकांना सांगितलं होतं, डोंगराकडे बघा, एवढंच. ते बघत राहिले. सावली चेहऱ्यावर आली तेव्हा त्यांनी बाजूच्या खांबावर हात ठेवला, आपण बैलाच्या पाठीवर ठेवतो तसा. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. जितेश ‘कट’ म्हणायचं विसरला. ताडपत्री धरणारी पोरंसुद्धा ती खाली घ्यायची विसरली. मी लग्नांत इतकी वर्षं कॅमेरा धरलाय, पण असा शॉट माझ्या हातून कधी निघालेला नाही.

तो तुकडा आम्ही पुण्याच्या एका महोत्सववाल्यांना दाखवला. ते म्हणाले, सिनेमा पुरा करा, आम्ही घेतो. जितेश हवेत होता. बाकीचं चित्रीकरण पावसाळ्यात, खऱ्या पावसात करायचं ठरलं. तोवर त्याने तो तुकडा वाडीच्या ग्रुपवर टाकून दिला. हे त्याने करायला नको होतं, आणि मी तेव्हाच तसं बोललो होतो.

जुलैत पाऊस लागला तो उघडेना. सावित्री भरून वाहत होती, बाजारपेठेत लोक माल वरच्या फळीवर चढवत होते. अशातच ढवळमाळच्या मागे डोंगराला भेग पडल्याचं कळलं. तलाठी जाऊन बघून आले आणि वाडी खाली करा म्हणाले. खालच्या गावातल्या शाळेत सोय केली. एरवी आपलं घर सोडायला माणसं कुरकुरतात, पण या वेळी कोणी हूं की चूं केलं नाही. म्हशी, कोंबड्या, गाद्या घेऊन सगळे उतरले.

भागोजीकाका उतरले नाहीत.

हे मला सांगितलं ज्योतीने. ज्योती ही जितेशची बायको. दोघं महाडात भाड्याने राहतात. ती भिजलेली छत्री दुकानात तशीच उघडी घेऊन आली, पासपोर्ट फोटोला बसलेल्या माणसाच्या अंगावर पाणी पडत होतं, तिचं लक्ष नव्हतं. ‘राजेशदादा, गाडी काढता का? मामंजी येत नाहीत खाली. हे कामावरून निघतायत. तिथलं बोलणं ऐकून यांना काहीतरी होईल.’

‘कसलं बोलणं?’

तिने सांगितलं. वाडीतले मुरारीअण्णा, काकांच्या शेजारचे, त्यांना आणायला परत वर गेले होते. काका पडवीत बसलेले. म्हणाले, ‘तुमी जा. माझा शेवट शिमग्यालाच घेऊन झालाय. तो आता काय बदलत नाय.’ मुरारीअण्णांनी हे शाळेत येऊन सांगितलं, आणि वाडीतल्या एकाही माणसाला त्यात हसण्यासारखं वाटलं नाही. सगळ्यांनी तो तुकडा मोबाइलवर बघितला होता. जित्या जे घेतो ते तसंच होतं, असं बायका बोलायला लागल्या. एका सिनेमात पाय घसरून मेलेला अश्विन पुढे खरोखर पाय मोडून घरी बसला होता, तेही कोणीतरी काढलं. मी इतक्या वेळा मेलो आणि मला साधी सर्दी झाली नाही, हे कोणाच्या ध्यानात येईना.

‘आणि सासूबाई?’ मी विचारलं.

‘त्या कशा येतील,’ ज्योती म्हणाली, ‘मामंजी तिथं असताना?’

ज्योतीला घरी सोडलं आणि जितेशला कारखान्याच्या गेटवरून घेतलं. तो पुढे बसला आणि पोलादपूर येईपर्यंत फडक्याने आतून काच पुसत राहिला. वायपर पाणी सारत होते आणि पुन्हा काच भरत होती. पोलादपूर सोडून चढाला लागलो तसा रस्ता लाल झाला. कडेची माती रस्त्यावर आली होती. एका वळणावर मोठाले दगड पडलेले दिसले, त्यातला एक अजून हळूच डुलत होता. मी गाडी उभी केली. पुढे चालत.

खरं सांगतो, मला परत फिरावंसं वाटत होतं. मला मुलगी आहे, बायको आहे. जितेशच्या वडिलांनी सिनेमा खरा मानला तर त्यात माझी काय चूक, असंही मनात येऊन गेलं. पाय मात्र त्याच्या मागे चालत होते.

‘मी तो शॉट घेतला नसता तर?’ तो एकदम म्हणाला.

‘तर भेग पडायची राहिली असती का? पाऊस तुझा सिनेमा बघून पडतो का?’

‘पण ते खाली आले असते.’

मी वाटेतला दगड पायाने बाजूला केला. हे खरंच होतं.

ढवळमाळ रिकामी होती. दारं ओढून घेतलेली, चुली थंड. माणसं नसलेली वाडी मी पहिल्यांदा बघितली आणि मला ती अजिबात आवडली नाही. घरांच्या मागे, चढावर, गवत एका आडव्या रेघेत फाटलं होतं. रेघेच्या खालचा भाग वरच्यापेक्षा हातभर खचलेला. पायथ्याशी, जिथे कधी पाणी नसायचं तिथून गढूळ पाणी येत होतं. मला डोंगर कळत नाही म्हणालो ना, पण तेवढं मलाही कळलं.

काका पडवीत बसले होते. त्याच जागी. आम्हाला बघून म्हणाले, ‘बरं झालं आलाव. चाय घेऊन जावा.’ आत अंबूकाकी, जितेशची आई, भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी मान वर केली, लेकाकडे बघितलं आणि पुन्हा पीठ हातात घेतलं.

‘बाबा, उठा,’ जितेश म्हणाला.

‘बस तरी.’

‘बसायला वेळ नाय. मागं बघितलाव काय? पाणी बघितलाव?’

‘बघितलं. सकाळपासून तांबडंच येतंय.’

‘मग?’

काकांनी शांतपणे तंबाखू मळली. ‘जित्या, तुझा ट्रकवाला घाट टाळून गेला. मेला का नाय?’

‘तो सिनेमा हाय.’

‘विहिरीवाली बाई. तिनं काय कमी केलं काय? तरी तो मेला. मी सगळं बघितलंय तुझं. मुरारीच्या मोबाइलवर बघितलंय. तू खरं दाखवतोस. आमच्या आज्यापणज्यानं हेच सांगितलं, पण तुझ्यासारखं कुणी समजावलं नाय.’ त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. उलट कौतुक होतं, आणि त्याने जितेश खचला. ‘मी हितनं निघालो आणि वाटेत दगड पडला डोक्यात, तर? त्यापरीस घरात बरा.’

‘बाबा, ते आमी जुळवतो. ओढा घाटातून आणला तो मी आणला. मनात आलं असतं तर नसता आणला.’

‘म्हणजे खोटं हाय सगळं?’

जितेश पडवीच्या खांबाकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे बघत होतो. एका वाक्याचं काम होतं. हो बाबा, खोटं आहे, एवढं म्हणायचं. पण कॉलेजात, पुण्यात, माझ्या दुकानात ज्या एका गोष्टीवर हा माणूस ताठ उभा राहिला होता ती हीच. ती वडिलांसमोर खोटी म्हणायला त्याची जीभ उचलेना. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पाऊस जोरात आला, मागे चढावर काहीतरी गडगडत खाली आलं आणि थांबलं. तिघांनीही माना फिरवल्या. आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला, आणि जरा वेळाने पुन्हा सुरू झाला.

तेव्हा त्याने खिशातून मोबाइल काढला. त्यावरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीची गाठ दाताने सोडवली. तो तुकडा लावला, काकांच्या समोर धरला. ‘हा ना तुमचा शेवट? हा बघा.’ आणि बोटाने पुसून टाकला. मग मोबाइलमधल्या कचऱ्याच्या डब्यात जाऊन तिथूनही काढला. काका डोळे बारीक करून बघत होते.

‘पुसलास?’

‘पुसला.’

‘चांगला होता रे तो. पुण्याच्या लोकांनी मागितलेला.’

‘असू दे.’

‘मग आता मी कसा मरतो?’

‘ठरलं नाय,’ जितेश म्हणाला. ‘मला माहीत नाय, बाबा. काय होईल ते मला खरंच माहीत नाय. कुणालाच नाय.’ आणि चाळिशीचा तो माणूस पडवीत उकिडवा बसून लहान पोरासारखा रडायला लागला.

काकांनी एकदा त्याच्याकडे बघितलं. मग तंबाखू टाकून उठले, गोठ्यात गेले आणि म्हशी सोडायला लागले. अंबूकाकींनी काहीच विचारलं नाही. तव्यावरची भाकरी उतरवली, चुलीत पाण्याचा तांब्या ओतला आणि दारामागून गाठोडं काढलं. ते केव्हाचं बांधून ठेवलेलं होतं.

उतरताना माझा जीव मुठीत होता. म्हशी पुढे, त्यांच्यामागे काका, मग काकी, शेवटी आम्ही. डुलणारा दगड आता रस्त्यावर नव्हता. तो कुठे गेला ते मी वाकून बघितलं नाही. जितेश वडिलांच्या इतका जवळ चालत होता की दोनदा त्यांच्या टाचेवर त्याचा पाय पडला आणि त्यांनी त्याला शिवी दिली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तो तुकडा मोबाइलमधून पुसला गेला हे खरं, पण मूळ चित्रण माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर होतंच. मोबाइलमध्ये, आणि वाडीच्या ग्रुपवरही, होती ती आम्ही पाठवापाठवीसाठी केलेली लहान, अंधुक प्रत; ती महोत्सवाला चालणारी नव्हती. हे जितेशला माहीत होतं. मी त्याला खाली आल्यावर म्हटलंही, काय झकास बनवलंस रे म्हाताऱ्याला. तो म्हणाला, ‘मी बनवलं का, ते मलाच कळत नाय.’

डोंगर आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही. शाळेच्या वर्गांत माणसं कंटाळली. काका रोज सकाळी म्हणायचे, ‘उगाच आणलास. गवत वाढलंय वर, म्हशी सुकतायत हितं.’ काही घरची माणसं दिवसा वर जाऊन यायला लागली. जितेश कामावरून सुटला की शाळेत जायचा आणि अंगणात उभा राहून ढवळमाळच्या दिशेला बघत बसायचा. ढगात काही दिसायचं नाही, तरी बघायचा. एकदा मी शेजारी जाऊन उभा राहिलो तर हळूच म्हणाला, ‘राजेश, डोंगर आला तर बरं, असं वाटतं रे मला. आमचं घर जावं, गोठा जावा. म्हणजे बाबा परत जायचं नाव काढणार नाहीत.’ स्वतःच्या तोंडून ते ऐकून तो घाबरला. मी त्याला चहा पाजला. दुसरं काय करणार?

अशात एका दुपारी भागोजीकाका एकटेच माझ्या दुकानात आले. एसटीने आले होते. धोतराचा सोगा पिळून, पायरीवर पाय पुसून आत आले आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले.

‘फोटोवाले, दाखवा.’

‘काय, काका?’

‘माझा शेवट. तुमच्याकडं हाय तो. जित्यानं पुसल्यासारखं केलं, पण एवढा शॉट तो एका बोटानं घालवील काय? त्याला मी म्हशीइतका वळखतो.’

मी हातातलं काम खाली ठेवलं. ‘म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं? मग आलात कसे खाली?’

‘पोरगा रडत होता,’ काका म्हणाले. ‘आणि तो म्हणाला, मला माहीत नाय. त्याला सगळं माहीत असतं तेव्हा मला भ्या वाटायचं नाय. त्याला माहीत नाय म्हणल्यावर वाटलं.’

मी कॉम्प्युटरवर तो तुकडा लावला. मोठ्या पडद्यावर त्यांनी तो पहिल्यांदा बघितला. ऊन, पडवी, मग सावली. पायावर, गुडघ्यावर, छातीवर. खांबावर हात. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. बरं वाटेल त्यांना, अशी माझी समजूत. मी त्यांच्या वयाचा होईन तेव्हा मला इतकाच रुबाबदार म्हातारा व्हायचंय.

‘परत लावा.’

परत लावला.

‘हितं थांबवा.’ त्यांनी काचेवर बोट ठेवलं. चेहऱ्यावर नव्हे. मागे, दाराच्या अंधारात. ‘ह्ये काय हाय?’

मी जवळ जाऊन बघितलं. हा शॉट मी किती वेळा बघितला असेल, पण आम्ही सगळ्यांनी फक्त काकांचा चेहरा बघितला होता. दाराच्या कडेला, सावली पूर्ण पडल्यानंतर, एक हात बाहेर आलेला होता. हातात चहाचा पेला. हिरव्या बांगड्या. चित्रीकरण चालू आहे हे अंबूकाकींच्या ध्यानात नसावं. त्या काकांना चहा द्यायला आल्या होत्या. पेला जरा वेळ तसाच हवेत राहिला आणि मग आत गेला.

‘अंबू आत होती,’ काका म्हणाले.

‘हो. आम्हा सगळ्यांना चहा करत होत्या.’

‘नाय हो. तुमी न्यायला आलाव त्या दिवशी.’ त्यांनी बोट काचेवरून काढलं नाही. ‘त्या दिवशी ती आत होती. मी पडवीत बसून माझा शेवट, माझा शेवट करत होतो. ती आत भाकऱ्या थापत होती. गाठोडं बांधून. एक शब्द बोलली नाय मला.’

बाहेर गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं, मी त्याला हातानेच थांबवलं. काकांनी धोतराच्या सोग्याने काचेवरचा बोटाचा ठसा पुसला.

‘पुसा,’ ते म्हणाले.

मी त्यांना समजवायला बघितलं. म्हटलं, काका, जितेशच्या आयुष्यातलं हे सगळ्यात चांगलं काम आहे. पुण्याचे लोक वाट बघतायत. तो हात पाहिजे तर मी कडेने कापतो, दिसणारही नाही.

‘ती आत हाय आणि तुमी कापताव?’

त्यावर मी माऊस हातात घेतला. फाइल काढली, बॅकअपची काढली. दर वेळी कॉम्प्युटर विचारत होता, नक्की पुसायचं का, आणि दर वेळी मी काकांकडे बघत होतो. ते मान हलवत होते. मग पडदा रिकामा झाला. मी त्यांना विचारलं, जितेशला काय सांगू?

ते उठून दारात गेले, छत्री उघडली. वर अजून पाऊस दाटलेला होता.

‘दुसरा घे म्हणावं,’ काका म्हणाले. ‘मी बसतो पाहिजे तर, परत. पण आधी घर रिकामं कर म्हणावं.’